चौदा एप्रिलचं पॅनकार्ड

माझ्या सेवा केंद्रात येणाऱ्या माणसांचे मी दोन प्रकार केलेत. एक, आल्या आल्या माझ्यावर ओरडणारे. दुसरे, आधी सरकारवर ओरडून मग माझ्यावर घसरणारे. धामणगावच्या बसस्टँडसमोर, तालुक्याच्या, मोटाळ्याच्या गाड्या थांबतात तिथंच माझं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पॅन, आधार, रिटर्न, जे म्हणाल ते भरून देते. अकरा वर्षांत मी तापट झाले असं माझा नवरा म्हणतो. मी म्हणते, तापट आधीच होते, आता दुकानाबाहेर पाटी लागलीय एवढंच.

चंद्रशेखर तायडे मात्र ओरडलेच नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात, टळटळीत दुपारी, त्यांची बायको मंजुश्रीकाकू त्यांना दंडाला धरून घेऊन आली. खुर्चीत बसवलं आणि पिशवीतलं पासबुक माझ्यासमोर आपटलं.

"संजीवनी, पाह्य बरं हे. पेन्शन कमी येऊन राह्यली. जुलैपासून. मले आता समजलं. यायले इचारलं तं म्हन्तात, असंन काही."

काका पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता, लाइट गेली होती. मी म्हटलं, "जय भीम काका. कसे आहात?" तर म्हणाले, "हाव." कसे आहात याला हो हे काही उत्तर नाही, पण मी सोडून दिलं.

हा माणूस असा नव्हता. आमच्या भागात तिशी-चाळिशीतल्या कोणाचंही बोट धरून बघा, तायड्यांनी टोचलेलं निघेल. ते आरोग्यसेवक होते. चौतीस वर्षं नऊ गावं पायी आणि सायकलनं फिरले. कोणाला ताप आला की बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि जाताना दार ओढून दारामागच्या भिंतीवर पेन्सिलनं तारीख टाकून सही करायची. घरी येऊन गेल्याचा तो पुरावा. साहेब तपासणीला आला की आधी दारामागे बघायचा. आमच्या जुन्या घरात दारामागे अशा तारखांची उतरंड होती. चुना मारताना आई तेवढी जागा सोडायची, कारण तायडे रागवायचे.

आणि एक वही असायची. वर्षातून एकदा ते ती वही घेऊन बसायचे आणि घरातल्या बाईला विचारायचे, "बाई, बाळंतपणं किती झाले? हयात किती?" मी सातवीत असताना माझ्या आईला विचारलं. आई म्हणाली, "चार." मग म्हणाली, "तीन." आणि चहा टाकायला आत गेली. आम्ही भावंडं तीनच. चौथ्याचं नाव घरात कधी निघालं नव्हतं. मी काकांच्या मागे अंगणापर्यंत गेले आणि म्हटलं, माझ्या आईला असं कशाला विचारता? ते सायकल काढत म्हणाले, "इचारल्याबिगर बाई सांगत नाई पोरी. अन् सांगतलं नाई तं नोंद होत नाई." मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं तो गेला नाही.

ते २०२१ च्या ३१ मेला रिटायर झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. एक जूनला सकाळी सहाला उठले, बूट घातले आणि ओट्यावर बसले. ते तीन वर्षं बसलेलेच आहेत, असं काकूनं मला सांगितलं. भांडण नाही, आजार नाही, दारू तर नाहीच. डॉक्टरला दाखवलं, त्याला काही सापडलं नाही. जेवायला वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत. एकदा काकूनं मुद्दाम वाढलं नाही, तर ते तसेच झोपले. काकू हे सांगताना त्यांच्यासमोरच सांगत होती, आणि ते शेजारच्या माणसाविषयी चाललंय अशा तऱ्हेनं ऐकत होते.

लाइट आली. मी संगणकावर बघितलं आणि दोन मिनिटांत घोडं कुठं अडलंय ते कळलं. काकांचं पॅन आधारला जोडलेलं नव्हतं. २०२३ च्या जुलैपासून अशी पॅनकार्डं बंद पडली. पॅन बंद म्हणजे कर सरसकट वीस टक्के. काकांची पेन्शन अडतीस हजार. एवढ्या पेन्शनला खरं तर एक रुपया कर नाही. पण पन्नास हजारांची वार्षिक वजावट धरूनही महिन्याला पावणेसात हजारांच्या आसपास कापले जात होते, मार्चपर्यंतच साठ हजार नऊशे झाले होते, आणि पुढचे महिने अजून कापणं चालूच होतं.

"मंग भेटन का वापस?" काकू म्हणाली. "धम्मशीलाची फी हाय आगस्टात. शेवटचं वर्ष हाय तिचं."

धम्मशीला त्यांची मुलगी, अकोल्याला नर्सिंग शिकते. मी म्हटलं, मिळतील, सगळे मिळतील. एकतीस जुलैच्या आत रिटर्न भरू. पण त्याआधी पॅन आधारला जोडावं लागेल, नाहीतर बंद पॅनवर परतावा येत नाही. हजार रुपये दंड भरला की जोडणी होते. मी दंड भरला, आकडे टाकले, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. जन्मतारीख जुळत नाही.

आधारवर एक जून १९६३. पॅनवर चौदा एप्रिल १९६३.

आता एक जून म्हणजे काय, हे इथं कोणाला सांगायला नको. गुरुजींनी शाळेत नाव घातलं त्या दिवसाची तारीख. पन्नाशीच्या पुढची अर्धी माणसं माझ्या संगणकात एक जूनला जन्मलेली आहेत. उरलेली एक जुलैला. मी हसून म्हटलं, "काका, पॅनवर चुकीची तारीख पडलीय. ती एक जून करून टाकू. दुरुस्तीचा अर्ज करते, दोन आठवड्यांचं काम."

त्या दुपारी काका पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"चुकीची नाई ते. मी सोता लेह्यली. चुकीची तं एक जूनची हाय."

मग त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आणि तीन वर्षांत ते एवढे बोलले नसावेत, कारण काकू माझ्याकडे बघतच राहिली. शाळेत तारीख गुरुजींनी लिहिली. नोकरीत ती शाळेच्या दाखल्यावरून गेली. आधार काढलं तेव्हा ऑपरेटरनं दाखला बघून टाकली. फक्त पॅनचा फॉर्म त्यांनी स्वतःच्या हातानं भरला होता, वीस वर्षांपूर्वी, तेव्हा त्याला तारखेचा पुरावा कोणी मागत नव्हतं. त्यांची माय जनकाबाई त्यांना लहानपणापासून सांगत आली होती की तू जयंतीच्या दिवशी झालास. चौदा एप्रिलला. म्हणून त्यांनी चौदा एप्रिल लिहिली.

नोकरीत असताना ते याची गंमत करायचे, तीही मला आठवते. "माह्यावाल्या वाढदिवसाले पुरी वस्ती मिरवनूक काढते," म्हणायचे. जयंतीला पांढरा कडक सदरा घालून सगळ्यांत पुढे असायचे. जनकाबाई विहारात जायच्या आधी त्यांच्या हातावर पेढा ठेवायची. रिटायर झाल्यापासून ते मिरवणुकीत गेले नव्हते, पण त्या दिवशीचा पेढा मात्र घेत होते. काकू म्हणाली, वर्षातून तेवढा एकच दिवस ते सदरा मागतात.

मी म्हटलं, "काका, कागदावर काय लिहिलंय त्यानं काय होतं? वाढदिवस चौदालाच करा. कोण अडवतंय?"

"त्या अर्जात काय लेह्या लागते?"

"आधी दिलेली तारीख चूक होती, बरोबर तारीख अशी. आणि खाली सही."

"ते नाई होत मह्याच्यानं," काका म्हणाले आणि उठले.

माझा पारा चढला. मी म्हटलं, काका, साठ हजार नऊशे रुपये आहेत, साठ रुपये नाहीत. पोरीची फी आहे. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, तुम्ही तर सोनं घरात पुरून वर बसलात. बरंच बोलले. ते ऐकून घेत होते, दारात उभे राहून, पावसात उभ्या असलेल्या बैलासारखे. मग मी, फक्त हा विषय माझ्या टेबलावरून जावा म्हणून, एक वाक्य बोलले. ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

"चौदा एप्रिलचा पुरावा आणा. मग बघू."

"कोनता पुरावा?"

"कोतवाल बुकाची नक्कल काढा मोटाळ्याला."

पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू एका बुकात लिहून ठेवायचा. ती जुनी बुकं तहसिलीत आहेत. लोक त्यांची नक्कल जातीच्या दाखल्यासाठी काढतात. मूल नुकतंच जन्मलेलं असतं, म्हणून त्यात नाव नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि तारीख. मला वाटलं, हा माणूस ओट्यावरून उठत नाही, मोटाळ्याला कुठला जातोय. आठ दिवसांत काकू त्याला धरून आणेल आणि मी सही घेईन.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या गाडीला काका उभे. बूट घातलेले, हातात ती जुनी रेक्झिनची बॅग. मी दुकानाचं शटर वर करत होते. पुढच्या दीड महिन्यात मी त्यांना चार वेळा त्या गाडीत चढताना बघितलं. अर्ज केला, फी भरली, वर्ष चुकलं, पुन्हा अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण काकांनी सरकारी नोकरी केलेली, त्यांना थांबता येत होतं. काकू एकदा भाजी घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "संजीवनी, हे आता भाकर मागून खाऊन राह्यले." तिचे डोळे भरले होते. मलाही बरं वाटलं, फक्त तसं कबूल नाही केलं.

चौदा जुलैला ते नक्कल घेऊन आले. एकच कागद, त्यावर तीन ओळी. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाच."

त्यांनी वाचलेला असणार. तरी मी मोठ्यानं वाचला. वर जातीचा रकाना, त्यात जुनंच नाव. धम्म घेऊन सहा वर्षं झाली होती, पण कोतवालाच्या बुकापर्यंत ते पोचलं नव्हतं. पहिली ओळ, चौदा एप्रिल १९६२, पुंजाजी तायडे, मुलगा. मी ओरडलेच, "काका, सापडलं की! चौदा एप्रिल! वर्षच फक्त एक मागे..."

"फुडं वाच."

दुसरी ओळ मयताची होती. वीस एप्रिल १९६२. पुंजाजी तायडे यांचा मुलगा, वय सहा दिवस.

तिसरी ओळ, अकरा नोव्हेंबर १९६३. पुंजाजी तायडे, मुलगा.

मी कागद खाली ठेवला. दुकानात पीकविम्याचे चारपाच जण बसले होते, त्यांतल्या एकाला कुठंतरी जायची घाई होती आणि तो ताई ताई करत होता. मी त्याच्यावर खेकसले. काकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. रडतील, निदान खाली बसतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "नकलीचे किती झाले तुह्ये?" नकलीचे पैसे तहसिलीत भरले होते, माझे काहीच नव्हते. तसं सांगितलं तर म्हणाले, "बरं." आणि गेले. कागद टेबलावरच राहिला.

त्यानंतर बारा दिवस कोणीच आलं नाही. काकूचा फोन आला, की मोटाळ्याहून आले तसे पुन्हा ओट्यावर बसलेत, आता बूटसुद्धा घालत नाहीत, काय झालं तेही सांगत नाहीत. मीही तिला सांगितलं नाही. माझं ते सांगणं नव्हतं. पण एकतीस तारीख पाच दिवसांवर आली होती. नुसत्या रिटर्नचं मी बघून घेतलं असतं, पण तारीख दुरुस्त झाल्याशिवाय पैसे येणार नव्हते आणि कापणं थांबणार नव्हतं. सव्वीस जुलैला दुपारी मी दुकान बंद केलं, दुरुस्तीचा अर्ज भरून घेतला, नक्कल पिशवीत टाकली आणि विहाराच्या मागं त्यांच्या घरी गेले.

काका ओट्यावर होते. काकू शेतात खुरपायला गेली होती. जनकाबाई आत दाराशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिला नव्वदीला चारपाच वर्षं कमी असतील. डोळ्यांनी कमी दिसतं, पण शेंगा बोटांनी बरोबर फुटतात.

"कोन व्हय?"

"संजीवनी, आजी. सेवा केंद्राची."

"बस माय. शेंगा खाय."

मी अर्ज काकांच्या पुढ्यात धरला, पेन दिलं, कुठं सही ते दाखवलं. "आधी दिलेली तारीख चुकीची होती," असं त्यात मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहिलेलं. त्यांनी तो अर्ज वाचला. पेन हातात घेतलं. मग तसेच उठून आत गेले आणि मायच्या समोर जमिनीवर बसले, मांडी घालून, पाठ सरळ. ते बसणं मी ओळखलं. आमच्या घरात ते असेच बसायचे, वही मांडीवर घेऊन.

"माय," ते म्हणाले, "बाळंतपणं किती झाले तुले?"

जनकाबाईच्या हातातली शेंग फुटायची थांबली. मला वाटलं ती चिडेल. ऐंशी वर्षांच्या पुढच्या बाईला हे कोणी विचारतं का? पण तिनं काही आकांत केला नाही. तिचा आवाजही त्यांच्यासारखाच सपाट होता. तो काकांकडे कुठून आला ते तेव्हा मला कळलं.

"पाच."

"हयात?"

"तीन." मग म्हणाली, "दोन गेले. एक तुह्या आंधी, पोरगा. एक तुह्या मांगून, पोरगी. ते तं रडली बी नाई."

"पयला कई झाला?"

"जयंतीले. बाहीर मिरवनूक होती, तुहा बाप तठीच होता. सा दिवस राह्यला."

जनकाबाईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"मंग तू झाला. त्याचे झबले ठिवले होते म्या, ते तुले घातले. तारीख बी पडेलच होती. तेबी तुलेच देल्ली." मग तिनं मान वर केली, जिकडून आवाज येत होता तिकडं. "काऊन इचारून राह्यला बाप्पा? कोनी काही म्हन्लं का?"

"नाई," काका म्हणाले. "नोंद राह्यली होती."

"इतक्या वर्साईत इचारलं नाई तुनं."

"नाई इचारलं," काका म्हणाले.

ते उठले. अर्ज भिंतीला लावून सही केली. सही अगदी साफ होती. माझ्याकडे देताना म्हणाले, "लाव आता एक जून. त्या दिवशी पुरा वर्ग जन्मला, मी एक असलो तं काय होते." मी पिशवीतून नक्कल काढून दिली, ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

पैसे पुढे डिसेंबरात आले, व्याजासकट, आणि पेन्शन पूर्ण यायला लागली. धम्मशीलाची फी तोवर काकूनं भावाकडून घेऊन भरली होती, ती फेडली. काका माझ्याकडे परत आले नाहीत, कागद न्यायला काकूच आली. ते बरे झाले असं मी म्हणणार नाही. ओट्यावरच बसतात. पुढच्या जयंतीला त्यांनी सदरा मागितला नाही. जनकाबाईनं पेढा दिला, तो त्यांनी घेतला, पण खाल्ला नाही, काकू म्हणते. विहारात नेऊन ठेवला.

पण मला सांगायचंय ते त्या सव्वीस जुलैचं. मी चपला घालत होते. काकांनी पेन मला परत दिलं आणि कोनाड्यातली पेन्सिल घेतली. घराचं दार ओढलं, दारामागं वाकले, आणि भिंतीवर काहीतरी लिहिलं. मग दार पुन्हा उघडून भिंतीला टेकवलं आणि ओट्यावर जाऊन बसले. जनकाबाई शेंगा फोडत होती. मला राहवलं नाही, मी दार थोडं ओढून बघितलं. बाकी भिंत कोरीच होती. नऊ गावांत फिरणारा माणूस, स्वतःच्या दारामागं त्यानं कधी तारीख टाकली नव्हती. आता तिथं लिहिलं होतं, २६/७/२४, एकूण ५, हयात ३, आणि खाली सही.